जबड्याच्या ऑपरेशननंतर कामावर परतताना

चेहऱ्याची सूज उतरली की माणसाला कामावर जायची घाई होते, आणि घोटाळा तिथंच होतो. सूज पहिल्या २-३ दिवसांत सर्वांत जास्त असते आणि २-३ आठवड्यांत बरीचशी ओसरते. आरशात चेहरा पूर्वीसारखा दिसायला लागतो. आतलं हाड मात्र तेव्हा अर्धवटच सांधलेलं असतं. जबड्याचं हाड साधारण कामापुरतं पक्कं व्हायला ६ आठवडे लागतात आणि पूर्ण ताकद यायला ३ महिने किंवा थोडे जास्त. आत बसवलेल्या टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा तुकडे जागेवर धरून ठेवतात. चावण्याचा किंवा दात आवळण्याचा सगळा जोर पेलण्यासाठी त्या नसतात. तिसऱ्या आठवड्यात फरसाण खाल्लं किंवा दात-ओठ खाऊन वजन उचललं तर स्क्रू सैल होतो, दातांची जुळणी बिघडते आणि पुन्हा टेबलावर झोपावं लागतं.

म्हणून कामावर कधी जायचं हे चेहरा बघून ठरवू नका. तुमच्या कामात तोंडाला, मानेला आणि दातांना काय करावं लागतं, ते बघून ठरवा.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

टाके काढायला जाल तेव्हाच कामाचं सविस्तर सांगा. ‘कंपनीत आहे’ एवढं पुरत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीत मोल्डिंगला उभं राहणं वेगळं आणि त्याच फौंड्रीच्या ऑफिसात बिलं करणं वेगळं. किती किलो उचलता, किती तास बोलता, हेल्मेट किंवा मास्क लागतो का, रात्रपाळी आहे का, येता-जाता कशाने, हे सांगितलं तरच डॉक्टरांना तारीख देता येते.

सर्टिफिकेटवर नुसतं ‘कामास योग्य’ असं घेऊ नका. अमुक तारखेपर्यंत जड वजन नाही, हनुवटीवर पट्टा नाही, जेवणासाठी जादा वेळ लागेल, अशा अटी लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर बदलला की विसरलं जातं.

ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, सभासद असाल (महिना पगार २१,००० रुपयांपर्यंत), तर आजारपणाच्या रजेत सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. जबडा कामावर असताना मोडला असेल तर तो कामावरचा अपघात ठरतो आणि भत्ता ९० टक्के असतो. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही यात बसू शकतो. गाडीवरून पडून जबडा मोडलेल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते साध्या रजेवर राहतात. अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरला झाली आहे ना, हे घरच्या कुणाला तरी लगेच बघायला सांगा.

कुठल्या कामाला साधारण किती थांबावं

बसून करायचं, कमी बोलण्याचं काम: गुंतागुंत नसेल तर २ आठवड्यांनी, जबडा हलू नये म्हणून वरचे-खालचे दात एकमेकांना तारेने बांधलेले असले तरी जमतं. पहिला आठवडा अर्धा दिवसच करा. थकवा ऑपरेशनचा कमी आणि पोटात पुरेसं जात नसल्याचा जास्त असतो.

बोलण्याचं काम, म्हणजे शाळा-कॉलेज, महाद्वार रोडवरचं साडीचं दुकान, गुजरीतला काउंटर, बँकेची खिडकी: ३ ते ४ आठवडे. दात बांधलेले असताना बोलता येतं, पण ओठ सुजलेला किंवा बधिर असला की प, ब, म नीट फुटत नाहीत आणि स, श, च दातांत अडकतात. २-३ तास सलग बोललं की कानासमोरचे स्नायू दुखून येतात. शिक्षकांनी कॉलरचा माइक वापरावा, एका तासानंतर एक तास मोकळा मागून घ्यावा. फोनवर तर समोरच्याला काहीच कळत नाही, तेव्हा गिऱ्हाइकांना आणि साहेबांना सरळ मेसेज करा.

अंगमेहनतीचं काम, म्हणजे फौंड्री, गुऱ्हाळ, मार्केट यार्डातली हमाली, बांधकाम: कमीत कमी ६ आठवडे, आणि तेही एक्स-रे बघून. वजन उचलताना माणूस नकळत दात आवळतो. गुळाचा रवा (ढेप) उचला नाहीतर सिमेंटचं पोतं, जोर लागला की दाब थेट जबड्यावर येतो. याशिवाय श्वासाचा प्रश्न आहे. दात बांधलेल्या माणसाला तोंडाने भराभर श्वास घेता येत नाही. भट्टीजवळच्या उष्णतेत आणि वाळूच्या धुळीत नाक चोंदलं तर चक्कर येते. पाणी घटाघट पिता येत नाही, म्हणून नळीच्या तोंडाची बाटली जवळ ठेवून दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

वेल्डिंगचा मुखवटा, धुळीचा मास्क, सेफ्टी हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा, या सगळ्यांचा दाब नेमका टाक्यांवर आणि सांध्यावर येतो. घरी १५ मिनिटं घालून बघा. दुखलं तर त्या कामाला अजून वेळ आहे.

तालमीत कुस्ती किंवा मैदानावर फुटबॉल असेल तर ३ महिन्यांच्या आत उतरायचंच नाही. नुसता जोर-बैठकांचा सरावही डॉक्टरांना विचारून सुरू करा, कारण तिथंही दात आवळले जातात.

येणं-जाणं

दात बांधलेले असेपर्यंत दुचाकी चालवू नका. खड्ड्यातला धक्का थेट सांध्यात बसतो, आणि मळमळलं तर हेल्मेटमध्ये काही करता येत नाही. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट गालाला दाबतं म्हणून अर्धं हेल्मेट घालणं हा तर सर्वांत वाईट मार्ग, कारण हनुवटी उघडी राहते. वडापमध्ये (शेअर जीप-रिक्षात) दाटीवाटीने बसू नका, कोपर लागायला वेळ लागत नाही. केएमटीच्या शहर बसमध्ये पुढची सीट मिळत असेल तर बसने जा, नाहीतर ओळखीची रिक्षा महिनाभर ठरवून टाका. मानेखाली किंवा गालावर बाहेरून टाके असतील तर त्या जागेला ऊन लागू देऊ नका. ताजा व्रण उन्हाने काळा पडतो आणि मग तसाच राहतो. पंचा किंवा सुती ओढणी सैल गुंडाळली तरी चालते.

डबा

कामावर परतलेला माणूस हमखास ढेपाळतो तो इथं. घरी दर २ तासांनी कुणीतरी पेला हातात देत होतं, कामावर गेल्यावर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पोटात एक चहा आणि एक ताक. या काळात ३-५ किलो वजन सहज उतरतं, आणि हाड सांधायला लागणारं प्रथिन मिळत नाही.

६० किलोच्या माणसाने दिवसाला साधारण १८००-२००० कॅलरी आणि ७०-९० ग्रॅम प्रथिनं धरावीत. एका वेळी २५०-३०० मिलीपेक्षा जास्त जात नाही, म्हणून दिवसाला ६-७ वेळा घ्यावं लागतं. त्यातले तीन पेले कामाच्या वेळात पडले पाहिजेत:

सकाळी ११ ला: २५० मिली म्हशीचं दूध, त्यात २ चमचे नाचणीचं पीठ शिजवून आणि २ मोठे चमचे दूध पावडर घालून. यातून साधारण ३५० कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रथिन मिळतं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही आवडत असलं तरी तोंडात जखम असेपर्यंत दूध उकळूनच घ्या.

दुपारी: मुगाची डाळ आणि भात एकास एक, मऊ शिजवून, एक चमचा तूप घालून मिक्सरमधून काढलेलं. मांसाहारी असाल तर पांढरा रस्सा, पण एक समज काढून टाका. नुसत्या रश्शाच्या पाण्यात प्रथिन फारसं नसतं, ते मटणात राहतं. शिजलेल्या चिकनचे ४-५ तुकडे त्याच रश्शात मिक्सरला अगदी बारीक करून गाळा, तेव्हा त्याचा उपयोग होतो. मिरी आणि हिरवी मिरची कमी. तांबडा रस्सा टाके भरेपर्यंत नको, तिखटाने जखम झोंबते आणि ठसका लागला की जबड्याला हिसका बसतो.

दुपारी ४ ला: ताक किंवा नाचणीचं आंबील. ते ऊर्जेला कमी असतं, म्हणून सोबत केळं दुधात फिरवून आणलं तर उत्तम.

सगळं दोनदा गाळा, एकदा चाळणीतून आणि एकदा पातळ सुती फडक्यातून. टोमॅटोची एक बी किंवा कोथिंबिरीचं पान सिरिंजच्या नळीत अडकलं की अख्खी सुट्टी त्यातच जाते. मेडिकलमध्ये ६० मिलीची मोठ्या तोंडाची सिरिंज आणि तिला बसणारी रबरी नळी मिळते. नळीचं टोक गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागच्या फटीजवळ न्या, हनुवटी किंचित वर करा आणि सावकाश ढकला. स्ट्रॉने ओढू नका, निदान पहिले दोन आठवडे. ओढताना तोंडात पोकळी होते आणि जखम पुन्हा वाहू शकते.

ओठ आणि हनुवटी बधिर असेल तर गरम चहाने ओठ भाजतो आणि कळत नाही. पेला आधी मनगटाला लावून बघा. जेवल्यावर आरशात बघायची सवय लावा, कारण हनुवटीवरचा ओघळ जाणवत नाही. दाढीला ब्लेडऐवजी ट्रिमर. ही बधिरता बहुतेकांत काही महिन्यांत कमी होत जाते, कधी वर्षही लागतं. मध्येच मुंग्या येऊ लागल्या तर घाबरू नका, बऱ्याचदा ते मज्जातंतू जागा होत असल्याचं लक्षण असतं.

या दीड महिन्यात उपवास धरू नका. नवरात्र असलं तरी.

जेवणानंतरची १५ मिनिटं

कामावर सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हे. दुधाचा आणि पिठाचा थर तारांत अडकतो, कुजतो आणि प्लेटेपर्यंत संसर्ग पोचतो. प्रत्येक खाण्यानंतर एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून टाका. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू हलक्या हाताने घासा. क्लोरहेक्झिडिनचं औषधी पाणी (०.२ टक्के, १० मिली) दिवसातून दोनदाच, डॉक्टर सांगतील तितके दिवस. पेस्ट आणि या पाण्यात अर्ध्या तासाचं अंतर हवं, नाहीतर पेस्टने त्याचा गुण कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर स्वच्छ करून घेता येतात.

जेवण ३० मिनिटं आणि सफाई १५ मिनिटं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हे बसत नाही, म्हणून वेळ आधीच मागून घ्या.

तंबाखू, मावा, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद. तंबाखूमुळे जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके उसवतात, प्लेट उघडी पडते. टपरीवर दोस्तांबरोबर उभं राहिलं की हात जातोच, म्हणून त्या सुट्टीत टपरीकडे जाऊच नका. दारूही नको, कारण बांधलेल्या दातांनी उलटी होणं धोक्याचं असतं.

खिशात काय हवं

दात तारेने बांधलेले असतील तर तार कापायची छोटी पक्कड, तारेऐवजी रबराने बांधलेले असतील तर बारीक टोकाची कात्री. ती गळ्यात किंवा शर्टाच्या खिशात, लॉकरमध्ये नव्हे. वरच्या आणि खालच्या दातांना एकत्र बांधणाऱ्या उभ्या ताराच कापायच्या असतात, दातांवरून आडवी जाणारी पट्टी नाही. कुठल्या तारा, ते डॉक्टरांकडून आरशात बघून घ्या आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही दाखवून ठेवा.

उलटी आली तर आधी पुढे वाका, डोकं खाली करा, बोटाने गाल बाजूला ओढा. खाणं पातळ असल्यामुळे बहुतेक सगळं दातांच्या फटींतून आणि गालातून बाहेर पडतं. श्वास कोंडला तरच तारा कापा, आणि कापल्यावर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुमचे डॉक्टर नसतील तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग आहे.

ऑर्थो वॅक्सची, म्हणजे तारेवर लावायच्या मऊ मेणाची, डबीही ठेवा. तारेचं टोक गालाला टोचलं की ती जागा कोरडी करून मटाराएवढी गोळी दाबून बसवा. रबर तुटला तर दुसरा त्याच हुकांत घाला. मनाने हूक बदललात तर जबडा भलत्या दिशेला ओढला जातो.

गोळ्या गिळता येत नसतील तर सिरप लिहून घ्या. सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत, विचारून घ्या. ट्रामाडोलसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळीने झोप येते, ती घेऊन लेथवर उभं राहायचं नाही. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर पहिले २ आठवडे नाक शिंकरू नका, आणि शिंक आलीच तर तोंड उघडता येईल तेवढं उघडून येऊ द्या.

काम सोडून लगेच जायचं कधी

उतरलेली सूज दुसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा वाढली, तोंडात खारट घाण चव किंवा पू आला, ताप आला, काल जुळणारे दात आज जुळेनात, तार सैल झाली किंवा पातळ खाणं नाकातून यायला लागलं, तर ‘रविवारी बघू’ म्हणू नका.

तारा काढल्यावर

तारा काढल्या की लगेच पूर्ण पाळी धरू नका, २ दिवस जादा घ्या. तोंड जेमतेम एक बोट उघडतं आणि जबडा जड वाटतो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला की तो कामावरही करा. तोंड सावकाश उघडून १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून ५-६ खेपा. चहाच्या सुट्टीला बांधून टाकलं की विसरत नाही. पुढच्या दातांमध्ये ३ बोटं उभी मावली, म्हणजे साधारण ३५-४० मिलिमीटर, की उघडणं जवळपास पूर्ववत झालं. कळ आली तर तिथंच थांबा, ओढाताण करू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की खाणं टप्प्याने वाढवा: आधी मऊ भात, मग दुधात भिजवलेली भाकरी, मग मऊ चपाती. कडक भाकरी, मिसळीतलं फरसाण, ऊस आणि मटणाचं नळीचं हाड ३ महिन्यांनंतर.