रूळ कापण्याआधी: आपोआप पडणाऱ्या फाटकाची तयारी

करवतीला हात लावायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. मॉडेल रेल्वेवर पूर्णा जंक्शनचा देखावा मांडताय आणि हिंगोलीकडची गाडी आली की फाटक आपोआप पडायला हवं, तर किती लांबीचा रूळ विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा हे आधीच ठरलेलं पाहिजे. १:८७ मापात आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा साधारण २४ सेंमी भरतो. इंजिन आणि तीन डबे म्हणजे जवळजवळ मीटरभर गाडी. ती सेकंदाला १५ सेंमी चालत असेल आणि फाटक पडायला ३ सेकंद लागत असतील, तर फाटकाच्या अलीकडे ४५ सेंमी हवेतच; मी ६० धरतो. पलीकडे मात्र अख्ख्या गाडीची लांबी सोडा. फाटक चालवणाऱ्या आपल्या सर्किटला करंट खाणारं इंजिन तेवढं कळतं, डबे कळत नाहीत. इंजिन त्या तुकड्यातून बाहेर पडलं की फाटक उघडतं आणि मागचे डबे अजून रस्त्यावरच असतात! गाड्या दोन्हीकडून येणार असतील तर दोन्ही अंगांना गाडीइतका रूळ लागेल.

आता सामान. पीसी८१४ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने दुसऱ्या बाजूचं सर्किट चालू करणारा भाग), दोन ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा एकत्र भाग), प्लास्टिकचे रेल जॉइनर, दोन-तीन रंगांची मल्टिस्ट्रँड वायर, सोल्डर, फ्लक्स, मल्टिमीटर. ब्रिजचे प्लस-मायनस एकमेकांना जोडून त्याच्या एसीच्या दोन पायांमधून तुकड्याचा सप्लाय न्यायचा. इंजिन तुकड्यात आलं की तिथे पडणाऱ्या सुमारे १.४ व्होल्टवर ऑप्टोकपलर चालतो आणि फाटकाला इशारा मिळतो. दुसरा ब्रिज उरलेल्या रुळाच्या सप्लायमध्ये तसाच घाला, नाहीतर फाटकाजवळ गाडी उगाच मंदावते. फाटकाच्या सर्वो मोटरला (ठरावीक कोनातच फिरणाऱ्या) ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर हवाच.

खऱ्या रेल्वेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेलं, रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं ट्रॅक सर्किट याहून भक्कम: चाकांनी दोन्ही रूळ जोडले की रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटतो, आणि वायर तुटली तरी सिग्नल लालच. आपल्याकडे गाडीचा वेग ठरवणारा रेग्युलेटर शून्यावर आणला की फाटक उघडतं, म्हणून त्या तुकड्यात थांबा ठेवू नका.

कापायचा एकाच बाजूचा रूळ, दोन्ही टोकांना. डिसेंबरात कापलेली फट परभणीच्या मे महिन्यात रूळ फुगून मिटते, तेव्हा फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून कानशीने घासून घ्या. मग ब्रिजच्या वायरी सोडवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. कापलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंना बीप वाजता कामा नये. रूळ आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून घ्या, आमच्याकडची धूळ रोज बसते. आणि पहिल्या फेऱ्यांना फाटकाच्या जागी नुसता एलईडी जोडा. शेवटचा डबा रस्ता ओलांडेपर्यंत तो पेटलेला राहिला तरच सर्वो बसवा.