खुर्चीवरचा ‘वर’ हरवू नका: इंग्रजीतल्या ‘विच’ आणि ‘हूम’च्या चुका

‘ज्या खुर्चीवर मी बसलो, ती मोडली.’ याचं इंग्रजी करताना आपल्यातले बरेच जण लिहून जातात, ‘द चेअर विच आय सॅट ब्रोक.’ खुर्ची मोडली हे कळलं, पण ‘वर’ कुठे गेला?

दोष आपल्या सवयीचा आहे. मराठीत ‘वर’ नामाला चिकटलेला असतो. ‘ज्या खुर्चीवर’ म्हटलं की त्याची सोय आपोआप लागते. इंग्रजीतला ‘ऑन’ मात्र सुटा शब्द, त्याला जागा आपण द्यायची. जागा दोन: ‘द चेअर ऑन विच आय सॅट’ किंवा ‘द चेअर आय सॅट ऑन’. पहिली रचना अर्जात, अहवालात शोभते. बोलताना दुसरीच बरी.

शंका आली तर वाक्य तोडून बघा. ‘आय सॅट ऑन द चेअर.’ यात ‘ऑन’ लागला ना? मग जोडवाक्यातही तो हवा. पण एकदाच! ‘ऑन विच आय सॅट ऑन’ यात तो दोनदा आला. ‘विच आय सॅट ऑन इट’मध्ये ‘इट’ उपरा. त्याचं काम ‘विच’ करतोच आहे.

वाक्याच्या शेवटी ‘ऑन’, ‘इन’सारखं प्रीपोझिशन ठेवलं की वहीत लाल रेघ, हे शाळेत अनेकांनी अनुभवलंय. या आक्षेपाचं खापर सहसा जॉन ड्रायडन या इंग्रज कवीवर फुटतं. 1672 मध्ये त्याने नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांतला हा ‘दोष’ दाखवला होता. इंग्रज मंडळी मात्र आजही बिनदिक्कत तसंच बोलतात, तेव्हा आपणही घाबरू नये.

प्रीपोझिशन पुढे आणलंत, तर मात्र नियम कडक. त्याच्यामागे ‘दॅट’ चालत नाही, ‘विच’च हवा. माणूस असेल तर ‘टू हू’ नाही, ‘टू हूम’. ‘हूज’ला मात्र मुभा आहे: ‘द फ्रेंड इन हूज हाउस वुई स्टेड’. ‘व्हेअर’च्या आधी ‘इन’ लावू नका, ‘द टाउन व्हेअर आय वॉज बॉर्न’ पुरेसं आहे.

नियम कळल्यावर काही जण अतिउत्साहात ‘लुक आफ्टर’सारखी जोडीही फोडतात: ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्स’. सांभाळणं राहिलं बाजूला, बाई मुलाच्या पाठीमागे कुठेतरी बघत बसल्या! इथे ‘द चाइल्ड शी लुक्स आफ्टर’ एवढंच लिहावं.

आणखी एक चूक चांगलं इंग्रजी लिहिणारेही करतात. ‘मला तीन भाऊ, त्यातले दोघं पुण्यात’ हे आपल्याकडे स्वल्पविरामावर निभावतं. म्हणून ‘आय हॅव थ्री ब्रदर्स, टू ऑफ देम लिव्ह इन पुणे’ असं लिहिलं जातं. तिथे ‘टू ऑफ हूम’ हवं. ‘देम’च ठेवायचं असेल, तर आधी पूर्णविराम द्या.