क्लिनोस्टॅटवर कर्करोगाच्या पेशी वाढवताना: सोलापूरच्या प्रयोगशाळांसाठी

क्लिनोस्टॅट म्हणजे अवकाशातल्यासारखं अगदी कमी गुरुत्व (सूक्ष्मगुरुत्व) भासवण्यासाठी पेशींचा फ्लास्क आडव्या अक्षाभोवती सतत फिरवणारं यंत्र. तो फिरवला म्हणून गुरुत्वाकर्षण नाहीसं होत नाही. त्याची पेशीच्या अंगानं दिशा सतत बदलत राहते, त्यामुळे कुठल्याच एका बाजूची ओढ टिकत नाही. म्हणून या प्रयोगात यंत्राइतकेच कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे फ्लास्क, महत्त्वाचे. ते चुकले, तर मोजली जाते ती मोटरची थरथर.

सुरुवातीला एका अक्षाचा क्लिनोस्टॅट पुरेसा आहे. यंत्रमागाच्या या शहरात शाफ्ट कातून देणारा लेथवाला सहज मिळतो. शाफ्ट, क्लॅम्प आणि बेअरिंग स्टेनलेस स्टीलचेच घ्या. इन्क्युबेटरच्या (पेशी वाढवायच्या उबदार पेटीच्या) दमट हवेत साधं बेअरिंग गंजतं आणि अडखळत फिरतं. मोटर आत ठेवू नका, तिच्या उष्णतेनं फ्लास्कजवळचं तापमान वाढतं. शाफ्ट मागच्या पोर्टमधून आत घ्या.

वेग मिनिटाला ६० फेरे. पेशी ज्या पृष्ठभागावर चिकटतात, तो पृष्ठभाग बरोबर अक्षावर आला पाहिजे. अक्षापासून ३ मिलिमीटरवर उरलेलं केंद्रोत्सारी (फिरण्यामुळे बाहेर ढकलणारं) त्वरण ०.०१२ जी असतं, २ सेंटिमीटरवर तेच ०.०८ जी होतं (१ जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व). त्यामुळे टी-२५ (२५ चौरस सेंटिमीटर तळाच्या) फ्लास्कच्या तळाला बाहेरून मार्करनं अक्षालगत ६ मिलिमीटर रुंद पट्टा आखा. चिकटलेल्या पेशींचं विश्लेषण फक्त या पट्ट्यातलं. बाकीच्या स्क्रेपरनं काढून टाका.

एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची पेशीरेषा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येते. १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम) घातलेल्या डीएमईएम या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, फ्लास्कमागे ५ लाख पेशी पेरा आणि २४ तास चिकटू द्या. मग फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमनं भरा.

सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते इथे. आत एक बुडबुडा राहिला तरी फिरताना तो पेशींवरून घासत जातो आणि त्या ताणानं पेशी सुटतात. परिणाम सूक्ष्मगुरुत्वाचा वाटतो, असतो बुडबुड्याचा. फ्रिजमधलं मीडियम थेट ओतलं तर ते तापताना विरघळलेला वायू बाहेर पडतो. म्हणून मीडियम आदल्या रात्री फिल्टर झाकणाच्या फ्लास्कमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवा. भरताना फ्लास्क तिरका धरा, टिचकी मारत बुडबुडे गळ्याशी आणा, शेवटचे थेंब पिपेटनं घाला आणि मीडियम किंचित सांडेल असं झाकण लावा. बाहेरचा भाग ७० टक्के इथेनॉलनं पुसा. तासाभरानं पुन्हा पाहा.

कंट्रोल तीन हवेत. एक त्याच इन्क्युबेटरमध्ये स्थिर. दुसरा यंत्राच्या चौकटीवर बांधलेला, म्हणजे थरथर तीच पण फिरणं नाही. तिसरा उभ्या अक्षाभोवती त्याच वेगानं फिरणारा, ज्यात गुरुत्वाची दिशा बदलत नाही. तिन्ही फ्लास्क गळ्यापर्यंतच भरा. भरलेल्या फ्लास्कमध्ये ऑक्सिजन कमी पोचतो. कंट्रोल ५ मिलीवर ठेवला तर फरक ऑक्सिजनचाही असेल.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. खोली तापली की इन्क्युबेटर ३७ अंश धरू शकत नाही, कारण त्याला तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली २५ अंशांवर ठेवा. मोटर यूपीएसवर घ्या आणि तिला फेरे नोंदवणारा सेन्सर लावा. वीज जाऊन यंत्र थांबलं असेल, तर तो प्रयोग बाद करा. मधली स्थिर मिनिटं नंतर वजा करता येत नाहीत.

२४ आणि ७२ तासांनी नमुने घ्या. यंत्र थांबलं की पेशी पुन्हा गुरुत्वाला प्रतिसाद देऊ लागतात, म्हणून एका वेळी एकच फ्लास्क काढा आणि पेशी आहेत तशा स्थिर (फिक्स) करणारं ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आधीच हाताशी ठेवा. मीडियम ओतून मात्र देऊ नका! काही पेशी तळापासून सुटून गोळे बनवतात आणि तेच अनेकदा सर्वात महत्त्वाचं निरीक्षण असतं. मीडियममधल्या आणि तळाला चिकटलेल्या पेशी वेगवेगळ्या गोळा करा. गोळे मोठ्या तोंडाच्या टिपनं उचला, अरुंद टिपेत ते फुटतात.

अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन) पाहण्यासाठी चिकटलेल्या पेशी १५ मिनिटं फिक्स करा, पेशीचं आवरण सच्छिद्र करणाऱ्या ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये १० मिनिटं ठेवा, मग अ‍ॅक्टिन रंगवणारं फॅलॉइडिन आणि केंद्रक रंगवणारं डॅपी लावा. जिवंत पेशी मोजायच्या असतील तर वेगळा, फिक्स न केलेला फ्लास्क घ्या, ट्रिप्सिन या विकरानं गोळे सुटे करून मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू वापरा. नुसत्या एमटीटीवर (जिवंत पेशींचा अंदाज रंगावरून देणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका: गोळ्याच्या आतपर्यंत रसायन सारखं पोचत नाही आणि वाढ खुंटल्याचा खोटा आकडा येतो.