फिल्म लाइनवर नवीन आहात? आधी ड्रायर बघा

पॉलिमरची डिग्री घेऊन पॉलिएस्टर फिल्मच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा मला वाटायचं की प्लास्टिक वितळवून डायमधून, म्हणजे साच्याच्या अरुंद फटीतून, पातळ काढलं की झाली फिल्म. पण डायमधून पडते ती जाड शीट. साधारण 280 अंशांचा वितळलेला पेट (PET, म्हणजेच पॉलिएस्टर) गार चिल रोलवर झटक्यात गोठतो, स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. ताठपणा येतो तो पुढे. एमडीओमध्ये, म्हणजे लांबीत ताणणाऱ्या यंत्रात, 80-90 अंशांना रोलर ही शीट लांबीत तिप्पट-साडेतीनपट ओढतात, मग टेंटर नावाच्या लांब ओव्हनमध्ये क्लिपा कडा धरून रुंदीतही जवळपास तेवढीच ताणतात. गुंतून पडलेल्या रेणूंच्या साखळ्या ओढीच्या दिशेनं रांगेला लागतात. शेवटी क्लिपांत ताणलेली असतानाच दोनशेच्या वर हीट सेटिंग, म्हणजे उष्णतेनं फिल्म स्थिर करणं. ते नीट झालं नाही, तर फिल्म पुढे गरम होताच आक्रसते.

हे पुस्तकातून कळत नसेल तर कुरकुर वाजणाऱ्या पातळ पिशवीची बोटभर पट्टी कापून सावकाश ओढा. मध्येच बारीक मान पडते, ती वाढत जाते आणि मग पट्टी हटून बसते. आता ती लांबीत सहज चिरते, आडवी फाडायला मात्र जोर लागतो. दोन्ही दिशांनी का ताणतात, ते तिथंच कळतं.

माझ्या पहिल्याच महिन्यात एका रात्रपाळीला टेंटरमध्ये फिल्म सारखी तुटत होती. मी तापमानं वर-खाली करत बसलो. इकडे शीट भंगारात चाललेली, आणि दर तुटीनंतर ऑपरेटर घामाघूम होऊन पुन्हा फिल्म ओवत होते. शेवटी एक जुने ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, टेंटरमध्ये काय शोधताय? ड्रायर बघा." पॉलिएस्टरचे दाणे, म्हणजे चिप्स, वितळवण्याआधी सुकवणाऱ्या ड्रायरच्या हवेचा ड्यू पॉइंट चढला होता, म्हणजे हवा दमट झाली होती. चिप्समध्ये ओल राहिली की वितळताना पाणी साखळ्याच तोडतं, आय.व्ही. (साखळ्यांच्या लांबीचा अंदाज देणारं माप) उतरते आणि फिल्म ताण सोसत नाही. ओलावा 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50) खाली हवा, हे मला परीक्षेत पाठ होतं!

शिकायचं असेल तर मुंबईत आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरात सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. पण लाइनवर गेल्यावर पाळी सुरू होताच ड्यू पॉइंट आणि मेल्ट प्रेशर (वितळलेल्या पॉलिएस्टरचा दाब) स्वतःच्या हातानं वहीत लिहा. आणि तुटलेल्या फिल्मचा तुकडा फेकू नका. तुटलेली कड उजेडात धरा. जेलचा (नीट न वितळलेल्या गुठळीचा) किंवा जळका ठिपका दिसला तर आधी फिल्टर आणि चिप्स वितळवणारा एक्स्ट्रूडर तपासा. कड स्वच्छ असेल तर ड्रायरकडे जा, मग टेंटरच्या ओव्हनकडे.