पायलटची चाचणी जन्मात एकदाच होते

ग्वाल्हेरच्या मुलांना विमानांचं वेड शिकवावं लागत नाही. महाराजपुऱ्याच्या तळावरून मिराज उठलं की लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर वाळवणाची राखण सोडून आम्ही माना वर करून उभे. समुद्र मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो थेट केरळात, एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीत रुजू झालो तेव्हा. नौदलात मी ऑब्झर्व्हर म्हणून उडालो, म्हणजे विमान चालवणारा नव्हे, तर त्यात बसून शोधाचं काम सांभाळणारा अधिकारी. व्हायचं होतं पायलट. ते का झालं नाही हे आधी सांगतो, कारण दिवाळीत घरी आलो की तीच चूक करायच्या तयारीत असलेला एखादा मुलगा हमखास भेटतो.

पायलटसाठी एसएसबीतून, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीतून, निवड झाली की सीपीएसएस नावाची, पायलट निवडीची संगणकावरची चाचणी होते. ती आयुष्यात एकदाच देता येते. एकदाच म्हणजे वर्षातून एकदा नव्हे, आणि हवाई दलात एकदा, नौदलात एकदा असंही नव्हे. दोन्हीकडचं मिळून जन्मात एकदा. एसएसबीतून पाच वेळा परत आलात तरी सहाव्यांदा जाता येतं. सीपीएसएसमध्ये नापास झालात की नौदलाच्या पायलट एन्ट्रीला तुम्ही अपात्र, मग ती चाचणी हवाई दलासाठी दिलेली का असेना.

मला हे माहीत नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची लेखी प्रवेश परीक्षा, पास झालो. क्लासच्या सरांनी सांगितलं, "जाऊन ये रे, अनुभव म्हणून." बुंदेलखंड एक्स्प्रेसने वाराणसीला एसएसबीसाठी गेलो. निवड होईल असं वाटलंच नव्हतं, म्हणून पुढचं काही वाचलं नव्हतं. निवड झाली. आईला, मामाला, मित्रांना फोन करण्यात रात्र गेली आणि सकाळी अर्धवट झोपेत चाचणीला बसलो.

आधी एक पुस्तिका देतात. कॉकपिटमधली घड्याळं कशी वाचायची ते तीत समजावलेलं असतं, आणि त्यावरच प्रश्न येतात. मी ती भराभर उलटली. क्षितिज दाखवणाऱ्या घड्याळात विमानाची खूण जागची हलत नाही, मागची क्षितिजाची रेघ कलते. रेघ डावीकडे उतरलेली दिसली तर विमान उजवीकडे कललेलं असतं. मान उजव्या खांद्याकडे झुकवून समोरच्या खिडकीची चौकट बघा, ती डावीकडे उतरल्यासारखी वाटेल. तसंच. मी रेघेलाच विमान समजलो आणि प्रश्नामागून प्रश्न उलटे सोडवत गेलो. पुढे मशीनवर पायांनी पेडल आणि हाताने स्टिक सांभाळत पडद्यावरचा ठिपका चौकटीत ठेवायचा असतो, मध्येच दिवे लागतात, आवाज येतात, त्यांनाही उत्तर द्यायचं असतं. तोवर मी पुरता घाबरलो होतो. कुठे चुकलं ते कुणी सांगत नाही, फक्त निकाल सांगतात. पण मला ती रेघ अजून स्वप्नात दिसते.

म्हणून "अनुभव म्हणून देऊन ये" असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका, तो कितीही प्रेमाने सांगत असला तरी. पायलटचा पर्याय भराल तो तयारीनिशीच भरा. आणि नापास झालेली गोष्ट फॉर्मवर लपवायचा सल्ला देणारेही भेटतील. त्यांच्यापासून तर चार हात लांब राहा. खोटी माहिती उघड झाली की उमेदवारीच रद्द होते.

मी सहा महिने कुणाशी धड बोललो नाही. मग शेजारच्या काकांनी, जे नौदलातून निवृत्त झाले होते, एका संध्याकाळी जवळ बसवून विचारलं, "तुला उडायचंय की फक्त स्टिक धरायचीय?" ऑब्झर्व्हर हा शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला. जाहिरातीत आता नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर असं लिहितात. त्यासाठी सीपीएसएस लागत नाही. मी भोपाळला पुन्हा एसएसबी दिली आणि निवडलो गेलो.

हे दुय्यम काम आहे असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. २०१३ पासून तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाली या नौदलाच्या हवाई तळावर असलेलं पी-८आय हे टेहळणी विमान घ्या. पाणबुडी शोधायला विमानातून सोनोबॉय नावाची तरंगती यंत्रं टाकतात. ते पाण्यातला आवाज टिपून रेडिओने वर पाठवतात. ते कुठे टाकायचे, रडारवरचा ठिपका मच्छीमारांची होडी आहे की आणखी काही, विमानाने आता कुठे वळायचं, हे ऑब्झर्व्हर ठरवतो. २०२० मध्ये युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरसाठी पहिल्यांदा निवडल्या गेलेल्या दोन महिला अधिकारी, कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंह, ऑब्झर्व्हरच होत्या. आपल्याकडच्या मुलींच्या आईवडिलांना हे मुद्दाम सांगा.

या एन्ट्रीची पात्रता जाहिरातीत असतेच. फक्त इंग्रजीचे ६० टक्के बघा, दहावीत किंवा बारावीत. इंजिनिअरिंगला उत्तम मार्क असूनही तिथे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. ही शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, तिला पेन्शन नाही, हे घरी आधीच बोलून घ्या.

आणि पोहायला शिका, याच उन्हाळ्यात. मी एळिमलाला तेविसाव्या वर्षी शिकलो, बाकीचे पलीकडच्या काठाला लागायचे तेव्हा मी अर्ध्यात दमलेला असायचो. पुढे कोचीला हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि त्यातून बाहेर पडायला लावतात. पहिल्या वेळी नाकातोंडात पाणी गेलं, वर कुठे खाली कुठे कळेना. प्रशिक्षकाने आधी सांगितलं होतं, एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेव आणि सोडू नकोस. मी सोडला नाही, त्या हातामागोमाग बाहेर आलो.