लेकराचे ढाळ थांबतच नाहीत? या चुका टाळा

लेकराला आठ-दहा दिवस पातळ संडास होत असली की घरात एकच विचारणा सुरू होते: बंद कशाने होईल? खरं तर बहुतेक ढाळ आपोआप थांबतात. तोवर अंगातून गेलेलं पाणी-मीठ भरून काढायचं आणि पोटात अन्न जात राहू द्यायचं, हेच खरं काम. ते चुकलं की चार दिवसांचं दुखणं पंधरवड्यावर जातं. १४ दिवस उलटले तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यायचं.

आधी एक खात्री करा. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळाही पिवळी, दाणेदार, पातळसर शी करतं. शू नीट होतेय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढतंय, तर ते ढाळ नव्हेत. नेहमीपेक्षा एकदम जास्त वेळा आणि पाण्यासारखी होऊ लागली, तर ढाळ.

ओआरएस अंदाजाने कालवणं

ओआरएस म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पूड. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असतं. ते पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ आणि साखर घट्ट होते, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं, ढाळ वाढतात, रक्तातलं मीठ चढून झटकेही येऊ शकतात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात, हेही नको. पुडीतली पूड सारखी मिसळलेली नसते. बाजारातली १ लिटरची पाण्याची बाटली हे घरातलं सोपं माप. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप वाचूनच कालवा. वरून साखर, दूध, ग्लुकोज घालू नका, कालवल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.

प्रत्येक पातळ संडासनंतर २ महिने ते २ वर्षांच्या लेकराला ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. घटाघटा पाजलं की पुन्हा उलटी ठरलेली.

दुकानातल्या गोड डब्यांना ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवणं

आतड्याचं अस्तर अन्नावरच भरून येतं. अंगावरचं दूध एक दिवसही तोडू नका. सहा महिन्यांपुढच्या लेकराला मऊ खिचडी, दही-भात, कुस्करलेलं केळं, ज्वारीच्या बारीक कण्या द्या आणि त्यावर चमचाभर करडईचं तेल किंवा तूप. नुसत्या साबुदाण्याच्या पेजेत पिठूळपणाशिवाय फारसं काही नसतं. ढाळ थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

वरचं दूध पाजल्यावर फेसाळ, आंबट वासाची संडास जोरात होत असेल आणि ढुंगण लालबुंद झालं असेल, तर दुधातली साखर तात्पुरती पचत नसल्याची शक्यता असते. वरचं दूध कमी करून ते कण्यांत शिजवा किंवा दही द्या. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

झिंक मधेच सोडणं

ढाळांत ओआरएसबरोबर झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी संडास घट्ट झाली की त्या फडताळात जातात. कोर्स १४ दिवसांचा आहे: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून, सहा महिन्यांपुढच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम. पुढच्या दोन-तीन महिन्यांतले ढाळही याने कमी होतात. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे फुकट मिळतं. ऊसतोडीला निघताना ते गाठोड्यात असू द्या.

बाकीचे उद्योग

मोठ्यांची जुलाब बंद करणारी गोळी बाळाला कधीच नाही. आतडं थंडावतं आणि घाण आतच राहते. रक्त नसताना मनाने अँटिबायोटिक दिलं तर तेच ढाळ लांबवतं. बाळकडू, घुटी, बिब्ब्याचे चटके बंद. दात येताहेत म्हणून होतंय, असं समजून बसू नका. हाताला येईल ते लेकरू तोंडात घालतं, ढाळांचं कारण बहुधा तिथे असतं.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी पिंपात चार-चार दिवस राहतं. लेकराचं पाणी वेगळं, खळखळ उकळून, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. दुधाची बाटली तर काढूनच टाका. बुचाच्या कडेला साचलेलं कितीही घासलं तरी पुरतं निघत नाही.

थांबायचं नाही तेव्हा

संडासमध्ये रक्त, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसणं, सहा तास शू नाही, लेकरू मलूल, पिईना, पाणीही उलटून टाकतंय, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं: लगेच दवाखाना. १०८ ची गाडी मिळते. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर वाटेतही चमचा-चमचा ओआरएस चालू ठेवा.