थंडीआधी अंगणातलं तळं

येऊरच्या पायथ्याशी बंगल्यामागचं तळं असो की नेरूळच्या अंगणातली कमळाची टाकी, दिवाळी आटोपली की आधी तळाचा गाळ काढा. पावसाळ्यात पडलेली पानं तिथे कुजतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. पाणी मात्र सगळं उपसू नका, पाव हिस्साच बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. कमळाची पिवळी पानं कापताना देठ पाण्याच्या वर चार बोटं राखा. पोकळ देठातून पाणी शिरलं तर कंद सडतो. खत सध्या बंद. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण गारव्यात माशांचं पचन मंदावतं, म्हणून खाणं दुपारी आणि चिमूटभरच. गप्पी मासे हवेतच, डासांच्या अळ्या ते फस्त करतात.